डिंकातली अक्षता

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि वाक्य कुठे थांबवायचं तेही नीट कळत नाही. आमच्या तांड्यावरची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला मोठ्या गावी जायचं त्याच वर्षी याडी-बापासोबत ऊसतोडीला गेले, आणि शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून कोणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्या. दाखवण्यासाठी मी लिहीत नाही. चार माणसांत माझा घसा बंद होतो, शब्द आत राहतात. कागदासमोर तेवढं होत नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यांवर लिहिते आहे. मागून देवाचं चित्र थोडं दिसतं, त्याचीही माफी मागते.

मी पांढरकवड्याला वहाबचाचांच्या गोदामात डिंक निवडते. आता गुडघे धरतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंतच जाते. आमचे हे वीज पडून गेले, त्यानंतरच्या हंगामात मी तिथे पहिल्यांदा बसले. तेव्हापासूनचं सगळं आयुष्य त्या एका शेडमध्ये गेलं. लोक विचारतात, डिंक निवडायचा म्हणजे काय? डिंक तर डिंक. लाडूत घालायचा. म्हणून आधी ते सांगते.

डिंक म्हणजे झाडाच्या जखमेवरची खपली. बाभळीच्या सालीला कुऱ्हाडीनं लहानशी खाच पाडली की काही दिवसांनी तिथे थेंब येतो, हवेनं घट्ट होतो, बोराएवढा, कधी आवळ्याएवढा. दिवाळीनंतर थंडी पडते तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत हे चालतं. खाच खोल गेली तर झाड वाळतं, वरवर गेली तर काही येत नाही. हे ज्याच्या हाताला कळतं तोच खरा डिंक गोळा करणारा. आमच्याकडे हे काम पोडावरची, म्हणजे रानातल्या वस्तीवरची, कोलाम माणसं करतात. ते पोत्यात भरून आणतात, आम्ही बायका साल, काडी, मुंगी, माती काढतो, मोठे खडे फोडतो, चाळतो आणि रंगाप्रमाणे वेगळे करतो. फिकट, मधासारखा, लाल, काळा. काळा अगरबत्तीवाल्याकडे जातो, लाल रंगवाल्याकडे आणि मधासारखा किराणा दुकानात. सगळ्यांत फिकट, काचेसारखा असेल तो औषधाला.

औषधाला डिंक लागतो हे मला आधी माहीत नव्हतं. आपण गोळी घेतो ती हातात भुगा होत नाही, कारण आत डिंक असतो. खोकल्याच्या औषधातली पूड बाटलीच्या तळाशी बसत नाही, तेही डिंकामुळे. घसा बसला की चघळतो ती वडी, लग्नात मिळते ती रंगीत बडीशेप, थंड्याच्या बाटलीत संत्र्याचं तेल पाण्यावर तरंगत नाही, सगळीकडे थोडा थोडा डिंक. साबेरा म्हणायची, "आपण दुनियाले चिकटवून ठेवून राह्यलो अन् आपलाच संसार सुटून राह्यला." साबेरा माझ्या शेजारी बसते. तिचा नवरा गाड्या दुरुस्त करतो आणि कमाई तिथेच कुठेतरी दुरुस्त करून येतो. ती दिवसभर बोलते, मी दिवसभर ऐकते. आमचं चांगलं जमतं.

गिऱ्हाईकंही एकेक. एक म्हातारे वैद्य यायचे, ते डिंक आधी कानाशी धरून दोन खडे एकमेकांवर वाजवायचे. आवाज टणक आला तरच घ्यायचे. आम्ही हसायचो, पण ओला माल त्यांना कधी गेला नाही. एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी डिंक न्यायला आली आणि दुसऱ्या दिवशी भांडायला आली. तूप तापवून त्यात टाकला तर फुललाच नाही म्हणाली. चाचा घाबरले. मी तिचा पुडा घेऊन एक खडा दाताखाली धरला. चिकटला नाही, कडू लागला. कडुनिंबाचा होता, दुसऱ्या दुकानातला. तिनं दोन ठिकाणी घेतला होता आणि पुड्यांची अदलाबदल झाली होती. ती निघून गेल्यावर चाचा म्हणाले, "सुमन, तू बोलली असती त जल्दी झालं असतं." मी मान खाली घातली. मला तेवढंच येतं.

भीमामाय पहिल्यांदा आली तेव्हाही मी खालीच पाहत होते. मला आधी तिचे पाय दिसले, धुळीनं पांढरे झालेले, आणि एका पायात चांदीचं जाड कडं. दुसऱ्या पायातलं कुठे गेलं ते तिनं कधी सांगितलं नाही. ती केळापूरच्या पुढच्या एका पोडावरची. वयानं माझ्या आईसारखी. तिचा डिंक वेगळाच असायचा. एक काडी नाही, एक मुंगी नाही. ती तो जमिनीवर पडू द्यायची नाही, पळसाच्या पानात झेलायची आणि सावलीत वाळवायची. मला डिंक तिनंच शिकवला. "पोरी, उजेडाकडे धर. आत आभाळ दिसलं त चांगला. आत धूर दिसला त बाजूले ठेव." मी बोलत नाही म्हणून तिला बरं वाटायचं. ती पण कमी बोलायची. दोघी दोन घमेली घेऊन बसायचो आणि अर्धा दिवस तसाच जायचा.

ती आणि तिच्यासारखे बाकीचे, कोणी पैसे लगेच नेत नसत. पोडावर पैसा ठेवायचा कुठे? माल आणायचा, काट्यावर घालायचा आणि हिशेब चाचांकडे साठू द्यायचा. उन्हाळ्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एकदम न्यायचा. चाचांच्या वडिलांपासून ही रीत होती. कोणाचा पैसा कधी बुडाला नव्हता.

आणखी एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी काटापूजा. कापसाच्या खरेदीला जशी होते तशीच. चाचा मुसलमान, पण पूजा त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली, बैलबंडीवाल्यांसाठी आणि आम्हा बायकांसाठी. चाचा स्वतः नारळ आणायचे आणि बाजूला हात बांधून उभे राहायचे. काट्यावर त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला माल मांडायचा, म्हणजे भीमामायचाच. मग सवाष्ण बायका काट्याला आणि त्या ढिगाला हळद-कुंकू वाहायच्या, अक्षता टाकायच्या, ओवाळायच्या. नारळ फुटला की खोबरं सगळ्यांना. भीमामायला चाचा अख्खा नारळ द्यायचे. पहिला मान तिचा. मी त्या दिवशी शटरजवळ उभी राहायची. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण सांगावं लागत नाही.

मग ते औषधाचं काम आलं. आधी आमचा फिकट माल मोठे व्यापारी न्यायचे आणि पुढे कुठे जायचा ते माहीत नसायचं. चाचांनी ठरवलं, आपणच थेट कंपनीला द्यायचा. भाव चांगला होता. कंपनीनं आम्हा चार-पाच जणींना गाडीनं नागपूरकडच्या कारखान्यात नेलं, काम बघायला. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्यांत गरम पाणी, त्यात डिंक विरघळत होता. ते पाणी जाळीतून, मग कापडातून गाळत होते. मग पुन्हा तापवून जंतू मारत होते. शेवटी एक उंच बंद खोली, तिच्यात वरून ते पाणी बारीक फवाऱ्यानं सोडायचं आणि आत गरम हवा. काचेतून मी पाहिलं. वरून पाऊस निघत होता आणि खाली पोचेपर्यंत त्याचं पीठ होत होतं. मला त्या काचेपासून हलवेना. साबेरानं ओढलं. "चाल वं, तुले इथंच ठेवून घेतील."

कंपनीचा एक तरुण साहेब मग आमच्या शेडमध्ये नियम सांगायला आला. केस कापडात बांधायचे. तोंडाला कापड. नखं कापलेली. एवढं ठीक होतं. मग तो कागदाकडे बघत म्हणाला, हातात बांगड्या नकोत, फुटून काच मालात जाते, आणि कपाळाला टिकली नको. भरल्या घरच्या बायकांनी बांगड्या काढायच्या? एकीनं घमेलंच सरकवलं. "साहेब, नवरा जिता आहे माहा." साबेरा म्हणाली, "आधी तुमच्या बायकोले काढाले लावा, मंग आमी काढतो." तो बिचारा घामाघूम झाला, त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. शेवटी तोड निघाली. बांगड्यांवरून कोपरापर्यंत पांढरं कापड गुंडाळायचं, टिकली दारात काढून आरशाला चिकटवायची आणि जाताना परत लावायची. आरसा टिकल्यांनी भरून जायचा.

माझे हात उघडेच होते. कपाळही. साहेबानं पाहिलं आणि म्हणाला, "या बाईंना शेवटच्या टेबलावर बसवा, शेवटची नजर यांची." उघड्या हाताचा कुठे उपयोग झाला तो त्या दिवशी. आनंद झाला की आणखी काही, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. एक, प्रत्येकाच्या पोत्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची, म्हणजे कोणाचा माल कोणता हे शेवटपर्यंत कळेल. भीमामायची चिंधी हिरवी. दुसरी, शंका आली तर खडा काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून ठेवायचा. बाभळीचा असेल तर पूर्ण विरघळतो, पाणी फिकट मधासारखं होतं. दुसरा डिंक फुगून बसतो. काही मिसळलं असेल तर पाण्याला दिसतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नेहमीसारखी काटापूजा झाली. नेहमीसारखा भीमामायचा ढीग मांडला, कुंकू वाहिलं, अक्षता पडल्या. मग तो ढीग, निवडलेलाच म्हणून, नुसता झटकून हिरव्या चिंधीच्या पोत्यात भरला आणि पहिला माल म्हणून औषधाच्या लॉटमध्ये गेला. कोणालाच काही वाटलं नाही. कचरा म्हणजे साल, काडी, माती. कुंकू म्हणजे कचरा असं कोणाच्या मनात येणार?

होळीच्या सुमारास कंपनीचा निरोप आला. चाचांच्या फोनवर रिपोर्टचा फोटो. मालात लाल रंग सापडला, खाण्यात चालत नाही असला. सापडला तो हिरव्या चिंधीच्या पोत्यात. एका पोत्यात सापडला की पूर्ण लॉट परत. ट्रक परत आला, त्याचं भाडंही आमच्याच अंगावर पडलं आणि पुढची मागणी बंद झाली. चाचांनी या कामासाठी नवीन पत्रे, टेबलं, चाळण्या घेतल्या होत्या. साहेब फोनवर म्हणाला होता, काही गोळा करणारे माल चांगला दिसावा म्हणून रंग लावतात. तेच चाचांच्या डोक्यात बसलं.

आखाजीच्या आधी भीमामाय हिशेब घ्यायला आली. त्या पैशात तिला घरावर टिनं टाकायची होती. मागच्या हंगामाचेही थोडे तिनं चाचांकडेच राहू दिले होते. ती येऊन काट्याजवळ बसली, पाणी प्याली. चाचा खुर्चीतून उठले नाहीत.

"भीमाबाई, पैसे नाई भेटत."

तिला वाटलं आज नाही. "मंग कवा येऊ?"

"कवाच नको येऊ. मालात रंग टाकला तू. माहा अख्खा धंदा बुडवला."

शेडमधल्या सगळ्या चाळण्या थांबल्या. भीमामाय उठून उभी राहिली. "कायचा रंग? माह्या घरी दिव्याले तेल नाई, रंग कुठून आणू?"

"तुह्याच पोत्यात निंघाला. हिरवी चिंधी तुहीच न?"

"चिंधी माही. रंग माहा नाई."

ती तेवढंच दोनदा म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला काही माहीत नव्हतं, तरी मी म्हणू शकले असते की ही बाई असं करणार नाही. मी मान खाली घातली. ती गेली. जाताना तिच्या एका पायातलं कडं वाजत होतं, ते रस्त्याला लागेपर्यंत ऐकू आलं.

परत आलेली पोती पुन्हा निवडायला आमच्यापुढे आली. अगरबत्तीवाल्याला मिळेल त्या भावात द्यायची होती. हिरव्या चिंधीचं पोतं मी मागून घेतलं. खडा खडा उजेडाकडे धरला. आत आभाळच होतं. पोतं संपत आलं तेव्हा तळाशी एक खडा हाती लागला. त्याच्या बाजूला, अर्धा आत रुतलेला, एक तांदळाचा दाणा. लाल तांदूळ.

अक्षता होती ती.

मी तो खडा मुठीत धरला. दिवाळीनंतरच्या सकाळी दव असतं, डिंकाला ओल धरते, त्यावर कुंकू बसलं की चिकटणारच. तिला मान दिला म्हणून तिचाच ढीग. तिचाच ढीग म्हणून तिचंच पोतं.

साबेराला दाखवलं. तिनं इकडे-तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सुमे, हे तू सांगू नको. बाया म्हंतील, इनं कुंकू टाकलं नाई म्हणून आमच्यावर ढकलून राह्यली." ते खरं होतं. शटरजवळ उभी असलेली मी एकटीच होते. साबेराही कुंकू वाहत नव्हती, पण ती गर्दीत असायची, खोबऱ्यासाठी.

मला सांगता येणार नव्हतंच. मी घरून काचेचे दोन ग्लास आणले. एकात तो खडा, दुसऱ्यात भीमामायनं मागे मला दुखण्यावर खायला दिलेल्यातला एक. सकाळी पाणी घातलं आणि काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी एका ग्लासात पाणी मधासारखं झालं होतं. दुसऱ्यात गुलाबी, आणि तळाशी तांदूळ. मी दोन्ही उचलून चाचांच्या टेबलावर ठेवले. ते हिशेब करत होते. मी म्हटलं, "चाचा, हे पाहा." एवढंच बोलले आणि उभी राहिले.

त्यांनी गुलाबी ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, आत बोट घालून तांदूळ काढला. मग काट्याकडे पाहिलं. काट्याच्या खांबावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा थर होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तौबा. त्या बाईले मी काय बोललो, बेटी."

बायकांत आधी भांडण झालं. मला वाटलं होतं तसे बोलही बसले. एक म्हणाली, कुंकवाला नाव ठेवते, हिचं काय जातं. मी रडले नाही, घमेल्यात पाहत राहिले. मग तीच बाई आरशाजवळ गेली, आपली टिकली काढली, बोटावर घेऊन थोडा वेळ पाहिली, ओली केली आणि पांढऱ्या कापडावर दाबली. कापडावर लाल ठिपका उठला. ती परत येऊन माझ्याजवळ बसली आणि निवडू लागली. त्या दिवसानंतर ती मला कधी तसं बोलली नाही.

चाचांकडे पैसा उरला नव्हता. लॉट मातीमोल गेला, टेम्पो विकावा लागला. ते म्हणाले, "काटा माहा, पूजा माह्या दारात, पैसा मीच देईन. पन टाइम लागन." तेव्हा बायकांनीच काढलं की दर आठवड्याच्या मजुरीतून थोडं थोडं बाजूला टाकायचं. साबेरा म्हणाली, "मी त मुसलमान, मी कुंकू कुठं टाकलं?" कोणीतरी म्हणालं, "खोबरं कोणं खाल्लं?" "हाव बापा, खोबऱ्याचे लावा माह्या नावावर." मी टाकलं नव्हतं, खोबरंही घेत नसे. तरी मीही देत गेले. मला कोणी मागितलं नाही आणि मी सांगितलं नाही, फक्त डब्यात टाकत गेले.

दिवाळीनंतर नवा हंगाम लागला आणि पहिले थोडे पैसे जमले तेव्हा चाचांनी मला आणि साबेराला पोडावर पाठवलं. जीपनं केळापूरच्या पुढे, मग पायी. भीमामाय दारात बसली होती. घरावर प्लास्टिकची ताडपत्री, दोरीनं बांधलेली. साबेरानं सगळं सांगितलं, काटापूजा, कुंकू, तांदूळ, ग्लास. भीमामाय ऐकत होती की नाही कळेना. मी पदराची गाठ सोडून पैसे पुढे केले.

"किती हाये?"

"थोडे हाये माय. बाकीचे देतो हळूहळू," साबेरा म्हणाली.

तिनं हात पुढे केला नाही. "थोडे थोडे देशीन, त मी थोडी थोडी चोर राहू का?" मग म्हणाली, "सगळ्याईसमोर बोलला तो. सगळे जमव, सगळ्याईसमोर दे."

आम्ही तशाच परत आलो. ती पोडाच्या टोकापर्यंत आली नाही, पण चहा पाजला. गुळाचा. येताना नाल्यावरच्या तिच्या बाभळी लागल्या. त्या वर्षीच्या खाचा पाडलेल्याच नव्हत्या.

एक पूर्ण हंगाम ती आली नाही. पावसाळा तिनं ताडपत्रीखाली काढला. दुसऱ्या व्यापाऱ्याकडेही गेली नाही, हे पोडावरच्या दुसऱ्या माणसांकडून कळलं. त्या हंगामात आम्ही काटापूजाच केली नाही. चाचांनी काटा धुऊन घेतला, ब्रशनं, गरम पाण्यानं, खांबावरचा थर निघेपर्यंत. निघालेलं पाणी मोरीत गेलं तेव्हा बायकांनी हात जोडले. डबा भरत होता. चाचा त्यात त्यांचं टाकत, आम्ही आमचं. त्या डब्याला कोणी हात लावला नाही, साबेराच्या घरी दोन दिवस चूल अडली तेव्हाही नाही.

त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर डबा पूर्ण झाला. चाचा स्वतः पोडावर गेले आणि हात जोडून बोलावून आले. ती येईल की नाही कोणाला खात्री नव्हती. सकाळी शटर उघडलं तर ती आधीच येऊन पायरीवर बसलेली, शेजारी पोतं. पोत्याला हिरवी चिंधी.

त्या दिवशी काट्याला फक्त पाणी वाहिलं. हळद-कुंकू दाराच्या चौकटीला, बाहेर. नारळ रस्त्यावर फोडला. मी सवयीनं शटरजवळ उभी होते, तिथून सगळं दिसत होतं. चाचा काट्याजवळ आले, टोपी हातात. "भीमाबाई, रंग तुहा नव्हता. आमचा होता. मी चुकीचा बोललो." आवाज बारीक होता, पण शेडमध्ये कोणी हलत नव्हतं, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यांनी डबा पुढे केला. भीमामाय म्हणाली, "मोज."

"भरले हाये माय, तू मोज पाहिजे त," साबेरा म्हणाली.

"मले मोजता येत नाई. मोठ्यानं मोज. याईले ऐकू दे."

साबेरानं मांडी घातली आणि मोजायला सुरुवात केली. नोटा बऱ्याचशा दहाच्या, वीसच्या, मऊ झालेल्या, आणि खाली नाणी. साबेराचा आवाज गोदामभर फिरला. मध्ये एकदा चुकली, तेव्हा भीमामाय म्हणाली, "पयल्यापासून." ती पुन्हा पहिल्यापासून लागली. कोणी हसलं नाही. शेवटचं नाणं ठेवलं आणि साबेरा म्हणाली, "झाले, माय. पुरे झाले."

भीमामायनं ते पदरात घेतले, गाठ मारली, गाठ ओढून पाहिली. मग उठली, आपलं पोतं दोन्ही हातांनी उचललं आणि धुतलेल्या काट्यावर ठेवलं.

"आता तोल," ती म्हणाली.